पन्हाळ्याचा राजा आणि समुद्रावरचा किल्ला

मंडळी, आपण कोल्हापूरकडची माणसे. डोंगर, घाट, नदीकाठ आणि उसाचे फड हे आपल्या नेहमीच्या ओळखीचे. समुद्र म्हटला की तो आपल्याला जरा परका वाटतो. तो कोकणातल्या लोकांचा, कोळ्यांचा, खलाशांचा. आपला त्याच्याशी काय संबंध, असे मनात येते. म्हणून आज आरंभीच एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. ज्या भोज राजाने आपला पन्हाळा बांधला असे आपण मानतो, त्याच राजाने खाली समुद्रकाठीही एक किल्ला बांधला, असे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. पन्हाळ्यावर बसणाऱ्या राजाला समुद्राच्या तोंडावर किल्ला कशाला हवा होता?

तो किल्ला म्हणजे विजयदुर्ग. त्याचे जुने नाव घेरिया. शेजारच्या गिर्ये गावावरून हे नाव पडले असे म्हणतात. आज तो सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात येतो. कोल्हापुराहून कळे, गगनबावडा करीत घाट उतरावा, वैभववाडीवरून तळेऱ्याला यावे आणि तिथून सरळ पश्चिमेची वाट धरावी. वाट संपते तिथे विजयदुर्ग. एका बाजूला वाघोटनची खाडी, समोर उघडा अरबी समुद्र, आणि मध्ये पुढे आलेल्या खडकावर जांभ्या दगडाचा तट. एकामागे एक अशी तटांची तिहेरी रांग. तीन बाजूंना पाणी आहे. चौथ्या बाजूलाही पूर्वी खंदकाचे पाणी होते. तो खंदक बुजला आणि आता तिथून रस्ता आत जातो. आतली जागा सुमारे सतरा एकर. बाहेरून पाहणाऱ्याला किल्ला अजून उभा आहे असे वाटते. आत गेले की चौथरे, पडक्या भिंती, दारूकोठाराची ओकी जागा, गवतात लपलेली जोती आणि तटाच्या सांध्यांतून वर आलेले पिंपळ दिसतात.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. समुद्र कशाला हवा?

याचे उत्तर किल्ल्यात शोधू नका. ते खाडीने थोडे आत गेले की सापडते. वाघोटनच्या खाडीने वर वर जावे, तर खारेपाटण लागते. आज तिथून मुंबई-गोवा रस्ता जातो आणि गाडीवाले तिथे चहाला थांबतात. हजार वर्षांपूर्वी मात्र हे मोठे बंदर होते. गलबते भरतीबरोबर खाडीतून आत येत, माल उतरवीत आणि तिथून बैलांच्या पाठीवर तो माल घाट चढून देशावर येई. याच खारेपाटणात एक ताम्रपट मिळाला आहे. तो शके ९३० मधला, म्हणजे इ. स. १००८ चा. दक्षिण कोकणात तेव्हा शिलाहार घराण्याची एक शाखा राज्य करीत होती. तिचा राजा रट्टराज याने एका शिवमंदिराला दान दिले, त्याचा हा लेख. त्यात गावे दिली आहेतच, पण शिक्षकबंधूंनी लक्ष द्यावे अशी एक बारीक गोष्ट आहे. दुसऱ्या देशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सोन्याचे गद्याण नाणे त्या देवळाला द्यावे, असे राजाने लिहून दिले आहे.

बघा हं, या एका ओळीत केवढा इतिहास भरला आहे! दूरदेशीची गलबते या किनाऱ्याला येत होती. ती इतकी नियमाने येत होती की त्यांच्या जकातीवर देवळाचा खर्च चालेल असा राजाला भरवसा होता. आणि पाण्यावरून येणाऱ्याकडून जकात घेणे हा राजाचा हक्क आहे, याबद्दल कुणाला शंका नव्हती. शेतावर सारा, घाटात जकात, तसे खाडीच्या तोंडावर गद्याण. ज्याच्या हाती खाडीचे तोंड, त्याच्या हाती गद्याण. आता सांगा, पन्हाळ्याच्या राजाला समुद्र कशाला हवा होता?

शिलाहारांच्या तीन शाखा होत्या. एक उत्तर कोकणात, ठाण्याकडे. दुसरी ही दक्षिण कोकणातली. तिसरी आपली, कोल्हापूरची. हे स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत. जीमूतवाहनाची कथा तुम्हांला ठाऊक असेल. गरुडाला रोज एक नाग भक्ष्य म्हणून द्यावा लागे. एके दिवशी एका नागाची पाळी आली, त्याची आई रडू लागली, तेव्हा जीमूतवाहन स्वतःच त्या शिळेवर जाऊन बसला. शिळेवरचा आहार झाला तो शिलाहार, अशी या नावाची फोड करतात. या घराण्याच्या निशाणावर सोन्याचा गरुड असे. आणि आपल्या कोल्हापूरच्या शाखेला मोठा अभिमान होता तो आपल्या अंबाबाईचा. महालक्ष्मीच्या वरप्रसादाने आम्हांला राज्य मिळाले, असे ते आपल्या बिरुदांत सांगत.

या शाखेत गंडरादित्य झाला, त्याचा मुलगा विजयादित्य झाला आणि त्याचा मुलगा दुसरा भोज. हाच आपला पन्हाळ्याचा भोज. बाराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत आणि तेराव्याच्या आरंभी त्याने राज्य केले. पन्हाळा, विशाळगड, गगनगड, भुदरगड, सामानगड, रांगणा असे पंधरा किल्ले त्याने बांधले, असे परंपरा सांगते. त्यांतच विजयदुर्गाचे नाव येते. पंधराच की दहा, या वादात आपण शिरू नये. पण हे किल्ले नकाशावर मांडून पाहा. कोकणातून वर येणाऱ्या घाटवाटांच्या कडेने ते उभे आहेत. घाटाचे वरचे तोंड डोंगरी किल्ल्याने धरायचे आणि खाडीचे तोंड समुद्री किल्ल्याने. मध्ये बैलांचे तांडे चालायचे. मीठ, खोबरे, परदेशी माल वर. धान्य आणि कापड खाली. पन्हाळा आणि विजयदुर्ग ही एकाच दोरीची दोन टोके होती.

कुणी म्हणेल, ही सारी परंपरा झाली. पण भोजाचा हात खरोखरच समुद्रापर्यंत पोहोचला होता, याला काही आधार? आधार आहे. राजापूर तालुक्यात समुद्रकाठी कशेळी नावाचे गाव आहे. तिथले कनकादित्याचे देऊळ प्रसिद्ध आहे. तिथे याच भोजाचा ताम्रपट आहे, शके १११३ चा, म्हणजे इ. स. ११९१ चा. बारा ब्राह्मणांना रोज भोजन घालण्यासाठी कशेळी गाव राजाने दान दिले, असे त्यात लिहिले आहे. आपले नसलेले गाव कोणी दान देत नाही. म्हणजे त्या किनाऱ्यावर भोजाचा अंमल होता, हे पक्के. कशेळीपासून विजयदुर्ग किनाऱ्याने फार दूर नाही.

परंतु हे वैभव भोजाबरोबरच संपले. उत्तरेकडे देवगिरीला यादवांचे राज्य वाढत होते. सिंघण यादवाने तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भोजावर स्वारी केली आणि त्याचा पराभव केला. यादवांच्या लेखात या विजयाचे जे वर्णन येते ते विचार करण्यासारखे आहे. पन्हाळ्यात राहणारा भोज हा सर्प आणि त्याला पळविणारा सिंघण हा गरुड, असे ते वर्णन आहे. ज्या घराण्याचा मूळपुरुष नागाला वाचवण्यासाठी गरुडापुढे बसला, ज्याच्या निशाणावर गरुड होता, त्याच घराण्याचा शेवटचा राजा शत्रूच्या लेखात सर्प झाला. आपल्या शिरोळ तालुक्यातले खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तिथे सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख आहे. शिलाहारांच्या मुलखात यादव दान देतात, याचा अर्थ मुलूख हातचा गेला होता. भोजानंतर कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य उरले नाही.

इथे एक गोष्ट मनात ठेवा. पुढे ती पुन्हा लागणार आहे. भोजाचे राज्य समुद्रावरून आलेल्या कुणा परक्याने घेतले नाही. ते शेजारच्या, आपल्याच भाषेच्या मुलखातल्या, आपल्याहून बलिष्ठ राजाने घेतले. समुद्राकडे तोंड करून बांधलेला किल्ला पाठीमागून येणाऱ्या संकटाला उपयोगी पडत नाही.

मध्यंतरीची चारशे वर्षे आपण भराभर ओलांडू. यादव गेले, बहामनी आले, त्यांच्यामागून विजापूरची आदिलशाही आली. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला. परंपरेने ते वर्ष १६५३ सांगतात. शके १५७५ हे विजय नावाचे संवत्सर होते, त्यावरून घेरियाचे नाव विजयदुर्ग ठेवले, असेही सांगतात. महाराजांनी किल्ला वाढविला, तट मजबूत केले. डोंगरी किल्ल्यांचा राजा समुद्राकडे वळला, कारण सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या हाती पाणी ठेवून जमिनीवरचे राज्य सुखाने चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

यापुढे किल्ल्याच्या कथेत दुसरे घराणे येते. हे आंग्र्यांचे. कान्होजी आंग्रे यांचे नाव आपण शाळेत शिकतो. मराठ्यांच्या आरमाराचा हा सरखेल. छत्रपतींच्या घरात जेव्हा सातारा आणि कोल्हापूर अशी दुही झाली, तेव्हा कान्होजी आधी महाराणी ताराबाईंच्या बाजूचा होता. म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या गादीशी त्याचे नाते होते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्याची समजूत घातली आणि तो शाहू महाराजांकडे गेला. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही त्याची मोठी ठाणी.

इंग्रज त्याला चाचा म्हणत, म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तोच शब्द सापडतो. पण कान्होजी काय म्हणत होता? या किनाऱ्याचे पाणी छत्रपतींचे आहे. इथून गलबत न्यायचे असेल तर आमचे दस्तक घ्या, जकात भरा आणि खुशाल जा. दस्तक नसेल तर गलबत पकडले जाईल. आता रट्टराजाचे गद्याण आठवा. सातशे वर्षांपूर्वी ज्याला कुणी चोरी म्हटले नाही, तेच मागितले म्हणून कान्होजी चाचा ठरला. पोर्तुगीज स्वतः याच समुद्रात इतरांना परवाने घ्यायला लावीत, तेव्हा त्यांना कुणी चाचे म्हणाले नाही. शिक्षकांनी वर्गात हा शब्द आला की क्षणभर थांबावे आणि मुलांना विचारावे, हे नाव कोणी दिले आणि कशासाठी दिले?

कान्होजीची गलबते कशी होती हेही समजून घेण्यासारखे आहे. मोठी ती गुराब, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. छोटी ती गलबते, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की इंग्रजांचे मोठे जहाज जागच्या जागी लोळत पडे. अशा वेळी आंग्र्यांची गलबते वल्ही मारीत मागून येत आणि तोफा डागीत. संकट वाटले तर उथळ खाडीत शिरत. खोल बुडाचे जहाज त्यांच्यामागे येऊ शकत नसे. विजयदुर्गाच्या खाडीत खडक फोडून केलेली गोदी होती. भरतीला गलबत आत घ्यावे, ओहोटीला पाणी उतरले की त्याची डागडुजी करावी. त्या गोदीच्या खुणा आजही आहेत. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली भिंत बांधली होती आणि शत्रूची जहाजे तिच्यावर आपटत, असे तिकडचे लोक सांगत आले. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून तिथे दगडी बांधकाम पाहिले. लोकांच्या बोलण्यात कधी कधी खडक असतो, तो असा.

या किल्ल्याने परक्यांचे तडाखे किती सोसले ते पाहा. १७१७ मध्ये इंग्रज आले आणि मार खाऊन परतले. १७२० मध्ये पुन्हा आले. या वेळी त्यांनी पाण्यावर तरंगणारा तोफखाना मुद्दाम बांधून आणला होता. तरीही हात हालवीत गेले. १७२४ मध्ये डच आले. तेही गेले. तट बांधणारे गवंडी, तोफा डागणारे गोलंदाज, वल्ही मारणारे भंडारी आणि कोळी, यांची नावे इतिहासात नाहीत. पण त्यांनी केलेले काम एवढे पक्के होते.

मग हा किल्ला पडला कसा?

१७२९ मध्ये कान्होजी वारला. मुलांमध्ये तंटे लागले. थोरला सेखोजी चारच वर्षांत गेला. संभाजी आणि मानाजी या भावांचे पटेना. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मध्ये पडून वाटणी केली. मानाजीला कुलाबा, संभाजीला सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग. एका आरमाराची दोन आरमारे झाली. आपल्याकडे भाऊ वेगळे निघाले की विहिरीची पाळी ठरते, बांधावर काठी येते, दावे लागतात. तसेच हे झाले. फक्त इथे विहिरीच्या जागी समुद्र होता.

संभाजीच्या मागून तुळाजी आला. तो शूर आणि तडफदार होता. त्याने १७४९ मध्ये इंग्रजांचे रेस्टोरेशन नावाचे लढाऊ जहाज पकडून विजयदुर्गाला आणले. पण तो कुणाचे ऐकत नसे. पेशव्यांना तो जुमानीना, खंडणी देईना आणि शेजाऱ्यांच्या मुलखात हात घालू लागला. नानासाहेब पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती. घरातला एखादा कर्ता माणूस हाताबाहेर गेला की घराला त्रास होतो, हे खरे. पण त्याला वळणावर आणण्यासाठी नानासाहेबांनी कोणाची मदत घेतली? इंग्रजांची. मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला आणि कराराप्रमाणे पेशव्यांकडे दिला. सारे ठरल्यासारखे चालले आहे, असे पुण्याला वाटले असेल.

फेब्रुवारी १७५६. अ‍ॅडमिरल वॉटसन मोठी लढाऊ जहाजे घेऊन विजयदुर्गापुढे आला. त्याच्या आरमारात केंट, कंबरलँड अशी जहाजे होती. जमिनीवरच्या फौजेचा मुख्य होता रॉबर्ट क्लाइव्ह. मुंबईहून निघण्यापूर्वीच या इंग्रज सरदारांनी बैठक घेऊन लुटीची वाटणी ठरविली होती. किल्ला अजून पाहिलाही नव्हता, पण कुणाला किती हिस्सा हे कागदावर आले होते. त्या कागदात पेशव्यांचा वाटा नव्हता.

पेशव्यांची फौज जमिनीच्या बाजूने आली होती. तुळाजीला परिस्थिती कळली. किल्ला घरच्याच माणसाच्या हाती सोपवून तो मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला. शेवटी भांडण आपल्याच माणसांशी आहे, काहीतरी तोड निघेल, असे त्याला वाटले असावे. पण इंग्रजांना हेच नको होते. तोड निघाली तर किल्ला मराठ्यांकडे जाणार आणि लूट हातची जाणार. १२ फेब्रुवारीला त्यांनी तोफा सुरू केल्या. एक पेटता गोळा रेस्टोरेशनवर येऊन पडला. हे तेच जहाज, सात वर्षांपूर्वी तुळाजीने मिरवीत आणलेले. ते पेटले. आंग्र्यांची गुराबे शेजारी शेजारी नांगरून ठेवली होती. एकाची आग दुसऱ्याला लागली, दुसऱ्याची तिसऱ्याला. काही तासांत सारे आरमार जळून गेले. कान्होजीने ज्याच्यावर आयुष्य घालवले, ते असे एका दिवसात, आपल्याच खाडीत, आपल्याच किल्ल्याच्या पायाशी संपले.

त्या रात्री क्लाइव्ह आपली फौज घेऊन किनाऱ्यावर उतरला. किल्ल्यापुढे तो अशा जागी उभा राहिला की पेशव्यांच्या फौजेला किल्ल्यात जाता येऊ नये. दोस्ताला अडवायला दोस्त उभा राहिला! दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीला, किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण चढले. तुळाजीची आई, बायका आणि मुले आत होती; ती इंग्रजांच्या हाती सापडली. लूट सुमारे दहा लाख रुपयांची निघाली आणि ठरल्याप्रमाणे आपसांत वाटली गेली. तुळाजी मराठ्यांच्या कैदेत पडला आणि त्याचा शेवट कैदेतच झाला.

किल्ला पेशव्यांना मिळायला ऑक्टोबर १७५६ उजाडला. पुण्याला नवा तह झाला, त्यात बाणकोट आणि आसपासची गावे इंग्रजांकडे राहिली, तेव्हा त्यांनी विजयदुर्ग सोडला. आता हेच वॉटसन आणि क्लाइव्ह पुढे कुठे गेले ते पाहा. बंगालमध्ये इंग्रजांवर संकट आले म्हणून त्यांना तिकडे पाठविले. १७५७ च्या मार्चमध्ये केंट जहाजाच्या तोफा चंद्रनगरवर धडधडत होत्या आणि जूनमध्ये प्लासीची लढाई झाली. विजयदुर्गाच्या खाडीत पेशव्यांनी स्वतः होऊन ज्यांचा हात धरला, त्यांनीच दीड वर्षाच्या आत हिंदुस्थानात आपले राज्य रोवले. या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकात निरनिराळ्या धड्यांत येतात, म्हणून मुलांना त्यांचा संबंध दिसत नाही. तो शिक्षकांनी दाखवावा.

नंतरही किल्ल्यावर पराक्रम झाला नाही असे नाही. पेशव्यांनी आनंदराव धुळपांना आरमाराचे मुख्य केले. १७८३ मध्ये त्यांनी रेंजर नावाचे इंग्रजी जहाज लढून पकडले. धुळपांचा वाडा विजयदुर्ग गावात आहे. पण पूर्वीचे आरमार ते पूर्वीचेच. ते पुन्हा उभे राहिले नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि किल्ला इंग्रजांकडे गेला. समुद्रच इंग्रजांचा झाला होता. मग समुद्रावर नजर ठेवणाऱ्या किल्ल्याला काम काय उरणार? मग त्याच्यावर गवत वाढू लागले.

इथे एक दुरुस्ती करून जातो, कारण ही गोष्ट वर्गात हमखास सांगितली जाते. विजयदुर्गावर काही ओटे आहेत, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवरून हेलियम वायूचा शोध लावला, असे सांगतात. ते तसे नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रात गुंटूरला होता. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता आणि तिथूनच त्याने सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेषा पाहिली. लॉकियर विजयदुर्गाला आला खरा, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. खरी गोष्टही काही कमी नाही. सूर्य पाहायला जगातले मोठे शास्त्रज्ञ आपल्या किनाऱ्यावर आले, हे मुलांना अभिमानाने सांगावे. फक्त साल बरोबर सांगावे.

आता थोडे आजचे. विजयदुर्ग केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत पन्हाळा आहे आणि विजयदुर्गही आहे. भोजाच्या दोरीची दोन टोके आठशे वर्षांनी पुन्हा एका यादीत आली. आनंद आहे. पण यादीत नाव आले म्हणून दगड जागेवर राहत नाही. २०२० च्या पावसाळ्यात विजयदुर्गाच्या तटाचा काही भाग ढासळून पडला. समुद्र दर पावसाळ्यात पायथ्याशी धडका मारतो. चुना झिजतो, सांध्यात पक्ष्यांनी टाकलेले बी रुजते, पिंपळ वाढतो आणि त्याचे मूळ दगड फोडते. शत्रूला जे शंभर तोफांनी जमले नाही, ते बोटाएवढे मूळ करते.

आपण खेड्यातली माणसे काय करू शकतो, असे कुणी विचारील. बरेच करता येते. आपल्या जिल्ह्यात पन्हाळा आहे, भुदरगड आहे, सामानगड आहे. तिथल्या तटात उगवलेले रोप लहान आहे तोवरच त्याची खबर खात्याला द्यावी; मोठे झाल्यावर ते उपटायला गेले तर झाडाबरोबर भिंत येते. घडीव दगड गोठ्याला, बांधाला किंवा देवळाच्या पायरीला उचलून नेऊ नये. शिक्षकांनी सहल काढली तर मुलांना नुसते फिरवून आणू नये. नकाशा काढायला लावावा: वर पन्हाळा, मध्ये घाट, खाली खारेपाटण, टोकाला विजयदुर्ग. या वाटेने काय खाली जाई आणि काय वर येई, याची यादी मुलांनी आजोबांना विचारून करावी. जुन्या माणसांना घाटातल्या मिठाच्या बैलांच्या ऐकीव गोष्टी अजून आठवतात. त्या लिहून ठेवल्या नाहीत, तर त्याही ढासळतील.

आणि शेवटी मुलांना एक प्रश्न घालावा. विजयदुर्गाचा तट तिहेरी होता, खंदक होता, पाण्याखाली भिंत होती, तरी किल्ला पडला. मग फट कुठे होती? मुले हुशार असतात. थोडा वेळ दिला तर उत्तर त्यांना सापडेल. भोजाच्या काळी ती पाठीमागे होती. आंग्र्यांच्या काळी ती घरात होती. आज ती आपल्या दुर्लक्षात आहे, आणि तेवढी एक तरी बुजविणे आपल्या हातात आहे.